कमी दाबाच्या नळयोजनेचं मॉडेल करताना : एम.टेक.च्या वर्षाचा अनुभव

पाणीवितरणावर एम.टेक.चा प्रबंध करायचा म्हटलं की बहुतेक जण पाठ्यपुस्तकातलं एखादं छोटं जाळं घेतात. मी आमच्याच गावची नळयोजना घेतली. जुलै 2022 मध्ये विषय नोंदवला आणि जून 2023 मध्ये तोंडी परीक्षा झाली. मधल्या काळात कुठे अडलं की मराठीत विचारायला आणि वाचायला फारसं काही मिळत नव्हतं. म्हणून जे जसं घडलं ते त्याच क्रमाने लिहिते आहे. पाणीपुरवठा विभागात नव्याने रुजू झालेल्या कनिष्ठ अभियंत्यांनाही यातलं काही कामाला येईल.

गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. उन्हाळ्यात तीन दिवसांआड पाणी, तेही दीड तास. मी एकाच उंच टाकीखालचा भाग निवडला. टाकी पाच लाख लिटरची, तिच्या पायथ्याशी बाजारपेठ आणि दुसऱ्या टोकाला चढावर वसलेली वस्ती. बाजारपेठेत हौद भरून वाहतात आणि चढावरच्या बायका बॅरल भरेपर्यंत नळापाशी बसून राहतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामागचं गणित मला मांडायचं होतं.

सुरुवात अर्जाने. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स आणि काय काय माहिती हवी त्याची यादी. इथे एक सांगते : ‘नळयोजनेची माहिती मिळावी’ असं मोघम लिहू नका. वितरण नलिकांचा नकाशा, नळजोडण्यांची वॉर्डवार संख्या, टाकीची क्षमता आणि उंची, व्हॉल्व्ह सोडण्याचं वेळापत्रक, असं एकेक वेगळं लिहा. मोघम पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतं. पत्र आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचाच. पुढे प्रत्येक जण तो क्रमांकच विचारतो. नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक होते, त्यामुळे सभेच्या ठरावाची गरज पडली नाही, मुख्याधिकाऱ्यांची सही पुरली. पण ती मिळायला ऑगस्ट संपला. मग माहिती फक्त अभ्यासासाठी वापरीन असं हमीपत्र मागितलं गेलं. शंभराचा स्टँपपेपर आणि नोटरीचे दोनशे रुपये. गणेशोत्सवात कार्यालय अर्धं रिकामं असल्याने नकाशा हातात पडला तो सप्टेंबरच्या शेवटी.

तो नकाशा म्हणजे जुन्या योजनेची निळी प्रत, घड्यांवर फाटलेली. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या स्कॅनरवर तिची प्रत काढून घेतली आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रस्त्यांवर बसवून एकेक नलिका आखली. आखणी पूर्ण झाली तेव्हा जाळं अगदी नीटस दिसत होतं. मग व्हॉल्व्हमन काकांबरोबर पहाटे फिरायला सुरुवात केली. पहिल्याच चौकात ते म्हणाले, “ताई, तुमच्या कागदावरची ही चावी रस्ता करताना डांबराखाली गेली. आता पाणी सोडायचं ते त्या पिंपळाखालच्या चावीतून.” नकाशात 150 मिलिमीटरची दाखवलेली एक नलिका प्रत्यक्षात 100 ची निघाली. दोन गल्ल्यांमधला जोड कधीच झालेला नव्हता. उलट जो नकाशात नव्हता असा एक जोड जमिनीखाली होता आणि तो फक्त काकांना माहीत होता. तीस वर्षांची नोकरी, आणि सगळी योजना त्यांच्या डोक्यात. त्यांनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य मी तारखेसह वहीत उतरवलं आणि प्रबंधाच्या परिशिष्टात त्यांची परवानगी घेऊन ‘क्षेत्रीय माहिती’ म्हणून लावलं. मार्गदर्शक सरांनाही ते पटलं.

उंचीच्या बाबतीत कंजुषी करू नका. उपग्रहावरून मिळणारी फुकटची उंची डोंगरदऱ्यांसाठी ठीक, पण तिच्यात कित्येक मीटरचा फरक असू शकतो. ज्या गल्लीत एकूण दाबच मीटरभर आहे तिथे असा आकडा निरुपयोगी. मी ओळखीच्या सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल (जमिनीच्या उंचीतला फरक मोजायचं यंत्र) भाड्याने घेतली, दिवसाला सातशे रुपये, शिवाय स्टाफ, म्हणजे तिची उभी मोजपट्टी, धरायला एका मुलाची हजेरी. दिवाळीच्या सुट्टीत रस्ते मोकळे असल्याने काम भरभर झालं. एकूण खर्चातला सर्वांत मोठा हिस्सा याच कामाचा, आणि तो पूर्णपणे सत्कारणी लागला.

डिसेंबरमध्ये ईपानेटमध्ये मॉडेल उभं केलं. नळांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. दोनशेच्या आसपास नोड (नलिका जिथे जुळतात आणि जिथून घरांना पाणी जातं ते बिंदू), पीव्हीसीला हेझन-विल्यम्सचा ‘सी’ (नळाच्या गुळगुळीतपणाचा आकडा) 145 आणि जुन्या बिडाच्या नळाला 100. दरडोई रोज 70 लिटर, कारण भुयारी गटार नसलेल्या गावांसाठी केंद्राच्या तेव्हाच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत तोच आकडा होता. चार दिवसांचं पाणी दीड तासात द्यायचं, म्हणून मागणी त्या पटीत वाढवली आणि मॉडेल चालवलं.

चढावरच्या नोडवर दाब आला उणे 31 मीटर. पडद्यावर पिवळी सूचना, आणि अर्ध्या नकाशावर लाल ठिपके. त्या रात्री मला खरंच धडकी भरली, कारण तीन महिन्यांची आखणी वाया गेली असं वाटलं.

वाया काहीच गेलं नव्हतं. हे समजून घेतल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक नोडची मागणी आपण ठरवून देतो आणि ती शंभर टक्के पूर्ण झालीच असं धरून प्रोग्रॅम दाब काढतो. टाकीतून तेवढं पाणी तिथवर पोहोचणं शक्य नसेल, तरी तो ते पोहोचवतो आणि हिशेब जुळवण्यासाठी दाब शून्याखाली नेतो. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण 10.3 मीटर पाण्याचा स्तंभ. त्यामुळे उणे 31 मीटर असा दाब पाण्याच्या नळात असूच शकत नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की ठरवलेली मागणी या जाळ्यातून पूर्ण होणार नाही. मग त्या घराला नेमकं किती पाणी मिळतं? एक चतुर्थांश? काहीच नाही? याचं उत्तर ती पद्धत देत नाही. आणि चढावरच्या माणसाचा प्रश्न तर तेवढाच असतो.

जानेवारी वाचनात गेला आणि त्या वाचनाने मला उभारी दिली. कमी दाबात नोडला प्रत्यक्ष किती पाणी मिळेल, हा प्रश्न ज्यांनी जगात सुरुवातीच्या काळात मांडला त्यांत नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातले, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतले, प्रा. पी. आर. भावे होते. त्यांचा ‘नोड फ्लो ॲनालिसिस’वरचा लेख 1981 चा. दाब पुरेसा असेल तर पूर्ण मागणी, कमी पडला तर मिळेल तेवढं, आणि अगदीच नसेल तर शून्य, हा विचार त्यात आहे. 1988 मध्ये वॅग्नर, शमीर आणि मार्क्स यांनी मधल्या टप्प्यासाठी दाबाच्या वर्गमुळाचं सूत्र दिलं. पुढे 1996 मध्ये गुप्ता आणि भावे यांनी अशा वेगवेगळ्या पद्धतींची तुलना केली. आपल्याच राज्यातल्या एका कॉलेजात हे काम झालं आहे आणि माझ्या वर्गात कुणालाच त्याची कल्पना नव्हती. विषय निवडणाऱ्या प्रत्येकाने हे लेख मुळातून वाचावेत.

जुन्या काळी हे सूत्र ईपानेटमध्ये बसवायला आडवाट घ्यावी लागे. प्रत्येक नोडला एक कृत्रिम जलाशय किंवा एमिटर (दाबाप्रमाणे पाणी बाहेर सोडणारं तोंड), मागणीपेक्षा जास्त पाणी जाऊ नये म्हणून प्रवाह-नियंत्रक व्हॉल्व्ह, उलटं पाणी येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह. दोनशे नोडच्या जाळ्याचं जंगल होऊन बसतं. 2020 मध्ये आलेल्या 2.2 आवृत्तीत ही सोय आतच दिली आहे. हायड्रॉलिक्सच्या पर्यायांमध्ये ‘डिमांड मॉडेल’ डीडीए (मागणी पूर्ण झालीच असं धरणारी वरची नेहमीची पद्धत) ऐवजी पीडीए (दाबाप्रमाणे मिळेल तेवढंच पाणी देणारी पद्धत) करायचं आणि खालचे तीन आकडे भरायचे : किमान दाब, आवश्यक दाब आणि घातांक. घातांक 0.5 असतो, तो तसाच राहू द्या. आवश्यक दाब मात्र मुळात 0.1 भरलेला असतो. तो बदलला नाही तर नखभर दाब असला तरी मागणी पूर्ण झाली असं उत्तर येतं आणि पीडीए लावून काही उपयोग होत नाही. शिवाय वेळेचा टप्पा मुळात एक तासाचा असतो. दीड तासाच्या पाण्यासाठी तो पाच मिनिटांचा करा. जाळं ‘असंतुलित’ असल्याची सूचना आली तर आधी ट्रायल्सची, म्हणजे हिशेबाच्या फेऱ्यांची, मर्यादा वाढवून पाहा.

आता आवश्यक दाब घ्यायचा किती? तेव्हाची नियमपुस्तिका एकमजली घरासाठी 7 मीटर, दुमजलीसाठी 12 आणि तिमजलीसाठी 17 मीटर सांगत होती. पण हे आकडे नळ चोवीस तास चालू असेल आणि माणूस गरजेपुरती तोटी उघडत असेल अशा जगातले. आमच्याकडे पाणी आलं की तोट्या सगळ्यांच्या एकदम उघडतात. बऱ्याच ठिकाणी तोटीच नसते, नुसता पाइप हौदात सोडलेला असतो. अशा ठिकाणी 7 मीटर घातले तर त्याच्यावर दाब गेल्यावर मॉडेल पाणी रोखून धरतं, प्रत्यक्षात ते वाढतच असतं. याचा निर्णय पुस्तकातून होणार नव्हता, म्हणून फेब्रुवारीत मोजमापं सुरू केली.

साधनं साधीच. एक प्रेशर गेज, साडेचारशे रुपयांचं, शून्य ते अडीच किलोचं. दुकानदार दहा किलोचं गेज पुढे करतो, ते घेऊ नका, कारण आमच्याकडच्या दाबाला त्याचा काटा जागचा हलत नाही. एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर हे लक्षात ठेवायचं. एक वीस लिटरची बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, तीन मीटर लांब.

बाजारपेठेतल्या एका घरी गेजने 0.8 किलो दाखवला, म्हणजे 8 मीटर. बादली 55 सेकंदांत भरली, मिनिटाला साधारण 22 लिटर. तिथून काका मला चढावरच्या शेवटच्या घरी घेऊन गेले. अंगणात कमरेइतका खड्डा, त्याला विटांच्या कडा आणि तळाशी नळ. पाणी जमिनीपर्यंत चढत नाही म्हणून नळच खाली नेलेला. त्या घरच्या आजी खड्ड्यात उतरून तांब्याने पाणी घागरीत घेत होत्या आणि वर उभी असलेली सून घागरी ओढून घेत होती. मी खड्ड्यात उतरून नळीचं एक टोक नळाला घट्ट बसवलं आणि दुसरं काठीला बांधून उभं धरलं. पाणी नळीत हातभर चढून थांबलं. टेपने मोजलं तर 40 सेंटिमीटर. बादली भरायला चार मिनिटं लागली, मिनिटाला पाच लिटर.

घरी येऊन वहीत मांडलं. 8 मीटरला 22 लिटर असेल तर वर्गमुळाच्या नियमाने 0.4 मीटरला किती? 4.9. कागदावरचं सूत्र आणि खड्ड्यातला नळ इतके जुळले, की मी तो हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला. दोन्ही जोडण्या अर्ध्या इंची आणि जवळपास सारख्या लांबीच्या होत्या, म्हणूनही ते जुळलं, हे इथे सांगायला हवं. सगळीकडे इतकं छान जुळलं नाही. पण कोणता आकडा घ्यायचा ते पक्कं झालं. त्या भागात कुठेही 10 मीटरच्या वर दाब जात नव्हता, म्हणून आवश्यक दाब 10 मीटर आणि त्या दाबाला प्रत्येक जोडणीमागे मिनिटाला 25 लिटर. दरडोई मागणीचा गुणाकार मी मॉडेलमधून काढूनच टाकला. उघड्या तोटीला घरात किती माणसं आहेत हे माहीत नसतं, तिला फक्त दाब कळतो. दरडोई हिशेब नंतर, निकाल तपासताना करायचा. ज्या गल्ल्यांत नळ खड्ड्यात होते तिथे नोडची उंची तेवढी कमी केली.

टिल्लू पंपांचा प्रश्न याहून अवघड. कुणी विचारलं तर पंप कुणाकडेच नसतो. काकांनी गल्ल्या सांगितल्या आणि तिथल्या नोडची उंची मी आणखी काही मीटर खाली घेतली, कारण ओढून घेणारी मोटार आणि तितका खाली बसवलेला नळ यांचा परिणाम जवळपास सारखाच. पंप चालू असताना नळात दाब खरोखर शून्याखाली जाऊ शकतो आणि गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत येतं. एवढी एकच ऋण दाबाची जागा खरी आणि आरोग्याला धोक्याची आहे. प्रबंधात मी तिला वेगळं प्रकरण दिलं.

एक गोष्ट ईपानेटला जमत नाही. नळ कायम भरलेले आहेत असं ते धरतं, आणि आमच्याकडे पहिली काही मिनिटं रिकाम्या नळातून फक्त हवा फुसफुसत असते. काही संशोधकांनी यासाठी पावसाळी गटारांसाठी असलेलं एसडब्ल्यूएमएम हे सॉफ्टवेअर वापरलं आहे. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. चढावर पाणी पोहोचायला लागणारा वेळ मी घड्याळ लावून मोजला आणि तिथल्या नोडचा पुरवठा तेवढा उशिरा सुरू केला. परीक्षकांसमोर ही मर्यादा मी स्वतःहून सांगितली आणि तिच्यावर फार प्रश्न आले नाहीत.

मार्चभर मॉडेल आणि मोजमाप जुळवत बसले. मॉडेलमध्ये एका गल्लीत सतत जास्त पाणी येत होतं. काकांना विचारल्यावर त्यांनी सांगितलं की तिथली चावी पूर्ण उघडतच नाही, आटे झिजलेत. तिथे लघुहानीचा गुणांक (चावी किंवा वळणापाशी दाब किती घटतो त्याचा आकडा) वाढवला आणि आकडे जागेवर आले.

मग मूळ प्रश्नाकडे वळले. त्या दीड तासात बाजारपेठेतल्या घराला सुमारे दोन हजार लिटर, चढावरच्या घराला 450. चार दिवस आणि पाच माणसं धरली तर एकीकडे दरडोई शंभराच्या जवळ, दुसरीकडे साडेबावीस. जुन्या पद्धतीच्या निकालावरून कुणीही हेच म्हणेल की मुख्य नलिका मोठी करा, म्हणजे लाखोंचं काम. पीडीएमध्ये मी वेगळं करून पाहिलं : आधी फक्त बाजारपेठेची चावी 50 मिनिटं, मग ती बंद करून फक्त चढाची चावी 90 मिनिटं. वेळेनुसार नलिका बंद-उघड करायची सोय ईपानेटच्या कंट्रोल्समध्ये आहे. चढावरचा दाब दोन मीटरच्या आसपास गेला, मिनिटाला 11 लिटर, एकूण 990. बाजारपेठेला साडेअकराशे. टाकीतून जाणारं पाणी आधीपेक्षा कमीच. वाढला तो पाणी सोडण्याचा वेळ, पाऊण तासाहून जास्त, आणि तो वेळ व्हॉल्व्हमन काकांचा होता. हे मी अहवालात ठळक लिहिलं, कारण अतिरिक्त पहाटपाळीचा भत्ता मिळाल्याशिवाय ही सूचना काकांच्याच अंगावर पडली असती.

एप्रिलमध्ये दोन पानी टिपण करून पाणीपुरवठा अभियंत्यांना दिलं. त्यात सूत्र एकही नाही. गल्लीचं नाव, आत्ता बादली भरायला लागणारा वेळ आणि बदलानंतर लागेल तो वेळ, एवढंच. त्यांनी ते माझ्यासमोर पूर्ण वाचलं. मंजुरीला मे उजाडला, कारण बाजारपेठेतल्या लोकांनी आणि एका माजी नगरसेवकांनी वेळ कमी करायला हरकत घेतली होती. शेवटी दोन आवर्तनं करून पाहू असं ठरलं. पहिल्या आवर्तनाला मी पहाटे त्याच घरी बादली घेऊन हजर होते. पावणेदोन मिनिटांत भरली. पाणी जमिनीच्या वरच्या नळालाही आलं आणि आजींनी खड्ड्यात न उतरता घागर भरली. माझे डोळे भरून आले. तोंडी परीक्षेत पहिली येण्यापेक्षा तो आकडा मला जास्त मोलाचा होता.

परीक्षेत विचारले गेलेले प्रश्न नोंदवून ठेवते : घातांक 0.5 च का. आवश्यक दाब सगळ्या नोडना एकच धरणं योग्य आहे का. गळती कुठे धरली. मोजमापाची ठिकाणं कशी निवडली. दुसऱ्या प्रश्नाची तयारी जास्त करा. 2.2 मध्ये तो आकडा सगळ्या जाळ्याला मिळून एकच भरता येतो. नोडगणिक वेगळा हवा असेल तर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं डब्ल्यूएनटीआर हे पॅकेज वापरावं लागतं, तेही फुकट आहे. मी काही पर्याय त्यातही चालवून पाहिले होते, त्याचा उपयोग झाला.

एकूण खर्च पंधरा हजारांच्या आत बसला. दोन वेळांचं वेळापत्रक नगरपरिषदेने चालू ठेवलं आहे आणि काकांच्या जोडीला एक रोजंदारी माणूस दिला आहे. चढाच्याही वर नव्याने झालेल्या प्लॉटिंगला मात्र चाव्यांच्या फेरफाराने पाणी चढत नाही. मॉडेलमध्येही नाही आणि प्रत्यक्षातही नाही. तिथे टँकरच चालू आहे. छोट्या बूस्टर पंपाचं अंदाजपत्रक तयार झालं असून तांत्रिक मान्यतेसाठी गेलं आहे. त्याला मॉडेलची फाइल जोडली आहे, पंपाची क्षमता त्यातल्याच आकड्यांवरून काढली आहे.